डाव्या खांद्याची जागा

तिरुप्पूर
१४ नोव्हेंबर २०१४

अण्णा,

बस वेळेवर पोचली आणि मी कालच कामाला लागले. अण्णींनी तळून दिलेल्या मुरुक्कूचा डबा आमच्या बनियन कंपनीच्या गेटपासून माझ्या टेबलापर्यंत येईतो अर्धा झाला होता. तुझ्या बायकोला सांग, पुढच्या वेळी दोन डबे द्या.

आता कामाचं. दिवाळीत तुझ्यासमोर बोलले नाही, कारण हाताचा विषय निघाला की तू भिंतीकडे तोंड फिरवतोस. म्हणून इथून लिहिते आहे. कागदाकडे पाठ फिरवून दाखव.

अर्धांगाचा झटका येऊन नऊ महिने झाले. पाय सुधारला, जीभ सुधारते आहे. डावा हात मात्र नुसता लोंबतोय. फिजिओथेरपीच्या जेसिंदा मॅडमनी माझ्यादेखत तुझ्या खांद्याच्या टोकाखाली दोन बोटं घालून दाखवली. तिथे बोट जाताच कामा नये. खांद्याचे स्नायू झोपलेत, पण हाताचं वजन आहे तेवढंच आहे, म्हणून तो हात स्वतःच्याच वजनाने सांधा खाली ओढतोय. तुला रोज दुखतं ते त्यामुळे. अण्णींना बजावलंय, तुला उठवताना डावा हात धरून ओढायचा नाही. त्या रोज तेच करत होत्या आणि तू दात आवळून सोसत होतास.

मॅडमनी दिलेली गळ्यातली झोळी तू वापरत नाहीस. वापरलीस तर उलटी घालतोस. मॅडम म्हणाल्या, हल्ली एका बाहीचा अंगाला घट्ट बसणारा कपडा मिळतो, तो खांदा खालून उचलून धरतो. हात मोकळा राहतो, व्यायाम करता येतो. आपल्याकडे सहज मिळत नाही. मी म्हटलं, मॅडम, बावीस वर्षं मी अंगाला घट्ट बसणारेच कपडे करते आहे, गोऱ्या लोकांनी धावताना घालायचे. धावणाऱ्यांसाठी एवढं करते, तर भावासाठी एक बाही होणार नाही का?

फितीवर तुझा विश्वास नाही. सुतळीने मोजून घे. दंडाचा घेर, कोपराच्या वरचा घेर, काखेपासून मानेपर्यंत, आणि छाती. चार सुतळ्या, प्रत्येकीला गाठ. सकाळी, आंघोळीच्या आधी, डावा हात उशीवर ठेवून. मोजणार अण्णी. तू नुसतं बसायचंस.

कोमळा

---

नल्लांबूर
२६ नोव्हेंबर २०१४

कोमळा,

कागदाकडे पाठ फिरवली होती. मग तुझ्या अण्णीने मोठ्याने वाचायला घेतलं, म्हणून वळावं लागलं.

फोन करत जाऊ नकोस. फोनवर माझी जीभ ताडी प्यायल्यासारखी वळते, तू पलीकडून ‘काय? काय?’ करतेस आणि मला राग येतो. उजवा हात शाबूत आहे, अक्षर पूर्वीसारखंच आहे. आपण लिहू.

झोळीचं म्हणशील, तर ती घालून दुकानात बसलो की पानं घ्यायला आलेला प्रत्येक जण विचारतो, कुठे पडलात? शंभर विड्याची पानं मोजेपर्यंत तीनदा सांगावं लागतं की पडलो नाही. शिवाय पानं मोजायला दोन हात लागतात. मोजून तुझी अण्णीच देते, मी गल्ल्यावर बसतो आणि दोघांच्या वाटचं बोलते तीच.

सुतळ्या सोबत आहेत. तुझा कपडा जमला तर मला मे महिन्याच्या आत हवा. का ते तुला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून ठेवतो. वैकासी महिन्यात देवाला गरुडावर बसवून आपण दांड्यांवर खांद्याने वाहून नेतो, त्या गरुडवाहनाला यंदा माझ्या जागी तिरुमलै उभा होता. वाहन वाहणाऱ्यांत एक वर्ष चुकलं तर ते आजारपण धरतात. लागोपाठ दोन वर्षं चुकलं तर जागा पुढच्या घराला जाते. डाव्या खांद्याची तिसरी जागा आजोबांची, मग अप्पांची, आणि अठ्ठावीस वर्षं माझी. मला मुलगा नाही. येत्या मे महिन्यात मी दांड्याखाली नसलो तर देवळात आपल्या घराचं काही उरलं नाही. हे मी रडून सांगत नाही, तारीख सांगतोय.

तेव्हा तुझा कपडा लवकर कर.

अण्णा

---

तिरुप्पूर
१९ डिसेंबर २०१४

अण्णा,

पार्सल सोडवलंस ना? आतला काळा कपडा म्हणजे तुझा.

चार तुकडे आहेत. दंडावरचा कमी ताणतो, खांद्यावरचा त्याहून कमी, काखेतला मऊ आहे. छातीवरून जाणारा पट्टा उजव्या काखेखालून वळून पाठीवर येतो. तोच सगळं वर धरतो. आधी डावा हात घालायचा, मग डोकं. अण्णींनी डावा हात कोपराखालून आधार देऊन धरायचा. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन. कातडीवर लाल रेघ उठून अर्ध्या तासात गेली नाही, किंवा बोटं सुजली, तर लगेच काढायचा आणि मला लिहायचं.

हा कपडा हात बरा करणार नाही. ते काम मॅडमच्या व्यायामाचं आणि तुझं. हा फक्त सांधा जागेवर ठेवील आणि दुखणं कमी करील. जादू म्हणून शेजाऱ्यांना दाखवत बसू नकोस.

एक शंका आहे. तुझे सुतळीचे घेर मला जरा जास्त वाटले. दहा महिने हलला नाही त्या हाताचा दंड एवढा? पण मोजमाप तुमचं, मी त्यावर चालले. जेसिंदा मॅडमना दाखव.

कोमळा

---

नल्लांबूर
३ जानेवारी २०१५

कोमळा,

कपडा उत्तम आहे. शिवण बारीक आहे. रंग चांगला आहे. सगळ्यांनी कौतुक केलं. पोंगलची गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

अण्णा

---

नल्लांबूर
४ जानेवारी

कोमळा, हे मी दुकानात बसून लिहिते आहे, तुझ्या अण्णाला माहीत नाही आणि माहीत होऊ देऊ नकोस.

कपडा खुंटीला अडकवल्यासारखा त्यांच्या अंगावर लोंबतो. दुपारपर्यंत खांद्यावरून घसरून दंडावर येतो. मॅडमनी बोटं घातली, दोनच्या दोन जातात. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, माप कुणी घेतलं. मी म्हटलं, मीच. खरं सांगते, घेतलं मीच, पण उजव्या हाताचं. मी डावा धरायला गेले तर ह्यांनी उजवा पुढे केला. म्हणाले, ‘दोन्ही हात एकाच आईने दिलेत, सारखेच आहेत.’ मी म्हटलं, कोमळाने डावा सांगितलाय. तर म्हणाले, ‘हा माझा हात आहे, मोज.’ मोजला. नवऱ्याशी सकाळी सकाळी कोण भांडणार.

तो डावा हात ते आरशातसुद्धा बघत नाहीत. शर्ट घालताना तोंड वळवतात. तू काहीतरी कर, पण माझं नाव घेऊ नकोस.

पूंगोदै

---

तिरुप्पूर
२२ जानेवारी २०१५

अण्णा,

उत्तम कपड्याबद्दल तुझं पत्र मिळालं. एवढं छोटं पत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, म्हणून जेसिंदा मॅडमना फोन केला. त्यांनी तुझी खरी मापं सांगितली. तुझा डावा दंड उजव्यापेक्षा तीन सेंटीमीटर बारीक आहे.

आमच्याकडे खरेदीदार चुकीचं माप पाठवतो तेव्हा आम्ही एक कागद करतो, त्यावर ‘मापाची जबाबदारी आपली’ असं लिहून त्याची सही घेतो. तुझ्याकडून सही घ्यायची राहिली. उजवा हात मोजलास? मग कपडाही उजव्यालाच घाल, दुखतंय डावं!

मला रडू आलं अण्णा, ते मॅडमसमोर नाही, फोन ठेवल्यावर. तुला वाटलं मी हसेन? मी तिरुप्पूरची बाई आहे. इथे दिवसाला शंभर मापं बघते. कुणाच्या मापाला मी हसत नाही.

दुसरा कपडा पाठवते आहे. खरा. हा घालताना त्रास होईल इतका घट्ट आहे, तो तसाच असायला हवा.

कोमळा

---

नल्लांबूर
१० फेब्रुवारी २०१५

कोमळा,

तू जेसिंदा मॅडमना फोन केलास हे मला खरं वाटत नाही, कारण तुझी अण्णी दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हती. असो. चोर सापडले आणि सोडून दिले.

उजवा का मोजला, ते लिहितो. दांडा वाहणाऱ्याच्या खांद्याला घट्टा पडतो, माझ्या डाव्या खांद्यावर तो सुपारीएवढा आहे. झटका आल्यावर तो हात माझा वाटेनासाच झाला. अंथरुणात कुणीतरी परका झोपलाय असं वाटायचं. त्याला मोजून द्यायचं म्हणजे तो माझा आहे असं कबूल करायचं. ते जमलं नाही.

दुसरा कपडा बसला. घालायला दहा मिनिटं लागतात आणि तुझी अण्णी घामाघूम होते. पण दुखणं निम्म्याहून कमी झालंय. मॅडमचं आता एक बोटसुद्धा धड जात नाही. काल अंगठा हलला. मॅडम म्हणाल्या, हलला. तुझी अण्णी म्हणाली, हलला नाही, वारा होता. मी अंगठ्याच्या बाजूने आहे.

आता एक विचारायचं आहे. हा कपडा देवळात चालणार नाही. दांड्याजवळ जाताना अंग उघडं लागतं, शिवलेलं काही अंगावर नको. असा कपडा होईल का, ज्याला शिवण नाही? एक तुकडा, सुईचा एकही टाका नाही. आणि रंग माझ्या कातडीचा. चंदन लावल्यावर दिसला नाही पाहिजे.

होत नसेल तर तसं सांग.

अण्णा

---

तिरुप्पूर
५ मार्च २०१५

अण्णा,

तुला देवळात जायचंय! मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग आमच्या सगळ्या सँपल विभागाला वाचून दाखवलं. वर्षभर घराचा उंबरा आणि दुकानाचा गल्ला यापलीकडे न गेलेला माणूस.

शिवण नसलेला कपडा होतो. आमच्याकडे एक गोल विणकामाचं मशीन आहे, त्यातून नळीसारखं अखंड कापड निघतं. मध्येच विणकाम बदललं की एकाच तुकड्यात कुठे घट्ट, कुठे सैल करता येतं. पण ते मशीन दिवसरात्र परदेशी ऑर्डरीवर असतं. पळनिसामी त्याचा चालक, त्याच्या मशीनला मी हात लावलेला त्याला चालत नाही. त्याला म्हटलं, देवळासाठी आहे. तो म्हणाला, ‘अक्का, बनियन कंपनीत प्रत्येक जण देवळासाठीच मागतो.’ मग त्याला तुझी गोष्ट सांगितली. एक ऑर्डर संपून दुसरी लागायच्या मधल्या वेळेत त्याने अकरा वेळा विणून बघितलं. आठ वाया गेले. नववा खांद्यावर सैल होता, दहाव्याची काख बिघडली. अकरावा तुझा.

कडेला दुमड नाही, टाका नाही. धागा मशीनवरच संपतो आणि स्वतःतच अडकतो. रंगासाठी तुझा दिवाळीतला फोटो रंगवाल्याकडे नेला. तो म्हणाला, ‘हा माणूस की काजूची साल?’ मी म्हटलं, माझा भाऊ. त्याने माफी मागितली आणि रंग बरोबर दिला.

हा शिवलेल्या कपड्याइतका मजबूत नाही. दर्शनाला, घरातल्या कार्याला घाल. रोजच्या व्यायामाला काळाच.

कोमळा

---

नल्लांबूर
२० एप्रिल २०१५

कोमळा,

परत मीच. या वेळी माझं नाव घेतलंस तरी चालेल.

तुला वाटतं तुझा अण्णा दर्शनाला जाणार. दर्शनाला नाही, दांड्याला जाणार. मागच्या अंगणात त्यांनी एक जाड बांबू दोन पिंपांवर आडवा टाकलाय. सकाळी तुझा तो कातडीच्या रंगाचा कपडा घालतात आणि त्या बांबूखाली खांदा लावून उभे राहतात. आधी नुसता बांबू. मग एका टोकाला तांदळाची पिशवी बांधली. परवा दोन. परवा पाय लटपटला, ते खाली बसले आणि बांबू त्यांच्या बाजूला पडला. डोक्यावर पडला असता. मी ओरडले, तर म्हणाले, ‘कोमळाने एवढा चांगला कपडा कशाला केला मग?’

जेसिंदा मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सांधा निसटला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, कदाचित त्याहूनही वाईट. ते मॅडमचं ऐकत नाहीत, माझं तर लग्नापासून ऐकलेलं नाही. तुझं ऐकतील.

पूंगोदै

---

तिरुप्पूर
२४ एप्रिल २०१५

अण्णा,

अण्णींनी लिहिलंय. लपवत नाही.

मी केलेला कपडा काय करू शकतो ते मला माहीत आहे, कारण तो मीच केलाय. तुझा हात साडेतीन किलोचा आहे. तेवढं तो उचलून धरतो. गरुडवाहनाच्या दांड्याचा एका माणसाचा वाटा किती असतो ते तू मला सांगायला हवंस. अप्पा म्हणायचे, भाताचं पोतं. तेवढं माझं कापड धरणार नाही. ते फाटणारही नाही, ताणत जाईल, आणि तुला कळणारही नाही की खांदा खोबणीतून कधी सुटला, कारण त्या खांद्याला तुला नीट कळतच नाही.

तू कोसळलास तर एकटा कोसळणार नाहीस. दांडा पुढच्याच्या मानेवर आणि मागच्याच्या छातीवर जाईल. वाहन कलंडेल. देव रस्त्यावर आला तर तुझ्या जागेचं कोण विचारणार आहे?

मला फसवलंस. ‘देवळात चालणार नाही’ असं लिहिलंस आणि मी येड्यासारखी खूश झाले. पळनिसामीची दहा सँपलं वाया घालवली.

बांबू काढून टाक. जागा जाऊ दे. आपलं घर त्या जागेवर उभं नाही.

कोमळा

---

नल्लांबूर
४ मे २०१५

कोमळा,

कपडा विणलास, उपकार झाले. खांदा माझा आहे.

तू बावीस वर्षांपूर्वी तिरुप्पूरला गेलीस. मुलीला दांड्याखाली जागा नसते. म्हणून जागा गेली तरी तिला काही वाटत नाही. मला वाटतं. अप्पा वारले त्या वर्षीसुद्धा मी घरी बसलो नाही, सुतक फिटताच दांड्याला गेलो. मी जागा सोडली असं माझ्या नावावर लागणार नाही.

आता यावर लिहू नकोस. मी उत्तर देणार नाही.

अण्णा

---

तिरुप्पूर
८ मे २०१५

कण्णैया मामा यांस नमस्कार,

मी आरावमुदनची धाकटी बहीण कोमळवल्ली. तुम्ही मला लहानपणी देवळाच्या तळ्यात पडताना वेणी धरून बाहेर काढलं होतं, म्हणजे ओळख पटेल. वाहनाच्या मंडळींचे तुम्ही म्होरके, म्हणून तुम्हाला लिहिते. अण्णाला हे पत्र माहीत नाही.

तो या वर्षी डाव्या खांद्याच्या तिसऱ्या जागेवर उभा राहायला येईल. अंगात मी विणलेला एक कपडा असेल, दिसणार नाही. त्याला शिवण नाही, तेवढं मी शपथेवर सांगते, विटाळ होणार नाही. पण त्याच्या खांद्यात वजन घेण्याची ताकद नाही. घेतलं तर खांदा कायमचा जाईल, आणि तुमच्यातला आणखी कुणी जखमी होईल.

त्याला उभा करू नका, असं लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. ज्या दिवशी तुम्ही त्याला दारातून परत पाठवाल त्या दिवशी तो अंथरुणाला लागेल, हे मला माझ्या हातांइतकं ठाऊक आहे. त्याने मला लिहिलं की मुलीला जागा जाण्याचं काही वाटत नाही. वाटतं मामा. अप्पा दांड्याखालून घरी यायचे तेव्हा त्यांचा खांदा मीच चेपायचे.

तर माझं मागणं असं आहे, त्याची जागा ठेवा आणि त्याला वजन देऊ नका. कसं ते मला सांगता येत नाही. मी कापडातली बाई, लाकडातलं तुम्ही बघा. नाहीच जमलं तर त्याला परत पाठवा, आणि हे पत्र दाखवा. मग तो मला शिव्या देईल, तुम्हाला नाही.

कोमळवल्ली

---

नल्लांबूर
५ जून २०१५

कोमळा,

महिनाभर तुला लिहिलं नाही. बांबूही काढला नाही. मिरवणूक होऊन पाच दिवस झाले, आता लिहितो.

सकाळी तुझा कपडा घातला. तुझ्या अण्णीने घातला असं म्हण, ती रडत होती आणि पट्टा नीट बसवतही होती. वरून चंदन लावलं. देवळाच्या दारात कण्णैया मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बोटाने बाहीची कड चाचपली. ‘शिवण कुठे आहे?’ ‘नाही.’ ‘बरं. जा, तिसऱ्या जागेवर उभा राहा.’ एवढंच. मी महिनाभर वादाची तयारी केली होती, ती सगळी वाया गेली.

‘उचला’ झालं. मी पाय रोवले, श्वास धरला. काहीच आलं नाही. वाटलं, खांद्याला कळत नाही म्हणून जाणवत नसेल. दहा पावलं गेलो. पायाला तर कळतंच ना, वजन असलं की टाचेला कळतं. टाच हलकी होती. मान वळवून बघितलं तर दांडा माझ्या खांद्याच्या वरून चालला होता. आम्ही उपरण्याच्या दोन घड्या घालून खांद्यावर घेतो. पुढच्या वेंकटाच्या खांद्यावर चार होत्या. मागे तिरुमलै, त्याच्याही चार. दांडा त्यांच्यावर, मी खाली, मध्ये वारा जाईल एवढी फट.

तुला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. दांडा एकाच्या खांद्याला टेकला नाही, तर बाकीच्यांना पहिल्या पावलाला कळतं, कारण त्याचा वाटा त्यांच्यावर येतो. म्हणजे बाकीच्या पंधराच्या पंधरा जणांना ठाऊक होतं. तरी सगळे चालत राहिले. मी आलो नसतो तर तिरुमलैच्या घराला जागा मिळणार होती, आणि त्याच तिरुमलैच्या मानेवर माझा वाटा होता. तो मागून धापा टाकत म्हणत होता, ‘अण्णा, डावीकडे खड्डा आहे, पाय सांभाळा.’

साठ पावलं असा चाललो. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आणि खरं सांगू, एवढं बरंही कधी वाटलं नव्हतं. दोन्ही एकदम.

चौकातल्या मंडपापाशी वाहन टेकवलं. नियमाप्रमाणे मी हजर होतो, जागा माझी राहिली होती. पुढच्या वर्षीही त्यांनी अशाच चार घड्या घेतल्या असत्या, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी मामांकडे गेलो आणि म्हटलं, तिसरी जागा तिरुमलैच्या घराला द्या. जीभ अडली, दोनदा म्हणावं लागलं. मामा म्हणाले, ‘नीट विचार करून बोल, परत मिळायची नाही.’ मी म्हटलं, मामा, मी देवाला वाहायला आलो होतो, यांच्या खांद्यावर बसायला नाही. तिरुमलै तिथेच घाम पुसत उभा होता. तो ‘नको अण्णा, नको’ म्हणत मागे सरकायला लागला. मी त्याला उजव्या हाताने धरून जागेवर उभा केला.

मग मामांनी कनवटीतून तुझं पत्र काढून माझ्या हातात दिलं. वाचलं. रागाने अंग पेटलं. तुला काय काय लिहायचं ते मनात जुळवायला लागलो. तेवढ्यात ‘उचला’ झालं आणि ते माझ्याशिवाय निघाले.

मी रस्त्याच्या कडेला लोकांत उभा राहिलो. कुठे उभं राहायचं ते मला ठाऊक नव्हतं, एका बाईने ओरडून सरकायला सांगितलं. चौकात त्यांनी वाहन फिरवलं आणि देव समोर आला. हात जोडायला गेलो, उजवाच वर आला. कोमळा, अठ्ठावीस वर्षं मी गरुडवाहन वाहिलं. मला पुढच्याची पाठ ठाऊक आहे, पाठीवरचा तीळ ठाऊक आहे, त्या रस्त्यातला प्रत्येक खड्डा ठाऊक आहे. तू लहान असताना दर वर्षी विचारायचीस, अण्णा, गरुडावर देव कसा दिसत होता रे? मी काहीतरी ठोकून द्यायचो. दांड्याखालून मी तो कधी पाहिलाच नव्हता गं. परवा पाहिला.

अण्णा